काळी चार ते काळी एक

जूनमध्ये शाळा भरली त्या पहिल्याच दिवशी हेडसरांनी विभागवाटपाचा कागद फिरवला. सहल, क्रीडा, पोषण आहार, परीक्षा अशी नावं खाली सरकत गेली आणि ‘सांस्कृतिक’ या शब्दापुढे माझं नाव. मी विज्ञान शिकवते. इतकी वर्षं हा विभाग ज्यांच्याकडे होता ते मराठीचे सर मे महिन्यात निवृत्त झाले होते. संगीत शिक्षकाचं पद आमच्याकडे मंजूर नाही. आणि लहानपणी मी पेटी शिकले होते ही गोष्ट कधीतरी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता माझ्या तोंडून निसटली होती. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही संगीताची परीक्षा, त्यालाही पंचवीस वर्षं झाली. “मॅडम, तुम्ही तर संगीतातल्या,” हेडसर म्हणाले आणि विषय संपला.

आमची शाळा सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. पाचवी ते दहावी. गॅदरिंग म्हणजे इथं डान्स. आदल्या वर्षी एकतीस डान्स झाले आणि एक नाटुकलं, तेही व्यसनमुक्तीवर, साडेतीन मिनिटांत आटोपलेलं. डान्स बसवायला तालुक्याहून कोरिओग्राफर येतो, गाण्यामागे पैसे घेतो आणि पोरं पेन ड्राइव्हमधल्या गाण्यावर तोंड हलवत नाचतात. माझं डान्सशी वैर नाही. पालकांची गर्दी त्यासाठीच होते आणि गर्दी झाली की शाळेला देणगी मिळते, हेही मला कळतं. पण रोज सकाळी शे-दोनशे पोरं मैदानावर प्रार्थना म्हणतात आणि गॅदरिंगच्या स्टेजवर मात्र एकाच्याही गळ्यातून आवाज निघत नाही, हे मला आधीपासून खटकायचं. तेव्हा म्हटलं, आलंच आहे गळ्यात तर एक गाण्यांचं नाटक बसवू. वाजवायचं आपणच, गायचं पोरांनीच. जमलं तर राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेतही उतरवू. हे सगळं मी बोलले जूनमध्ये. जूनमध्ये माणूस काहीही बोलतो.

पेटी सापडली प्रयोगशाळेच्या कपाटावर, तुटक्या सूक्ष्मदर्शकाशेजारी. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी, दाबली की दबलेलीच राहायची आणि दोन सूर पार मुके. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती पोत्यात गुंडाळून मी मिरजेला घेऊन गेले. सोबत नववीतली दोन पोरं, उचलायला. मिरजेत सतार-तंबोऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत, इथल्या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पोरं मात्र थबकली ती छताला टांगलेल्या भोपळ्यांपाशी. “मॅडम, एवढा भोपळा? भाजी किती होईल!” दुकानातले काका हसले. म्हणाले, हा कडू भोपळा, पंढरपूरकडून येतो, वाळवून पोकळ केला की सूर धरतो. त्या दोघांतला एक पुढं आमचा प्रधान झाला आणि नाटकभर पोटाला उशी बांधून फिरताना तो स्वतःला ‘कडू भोपळा’ म्हणवून घ्यायचा.

नाटकाची गोष्ट पोरांनीच काढली. श्रावणातल्या शनिवारी मी त्यांना रिकाम्या वर्गात बसवून म्हटलं, तुमच्या घरी सध्या कशावरून भांडणं होतात ते करून दाखवा. किराणा दुकानदाराच्या पोरीनं वडील आणि जीएसटीचा हिशेब असं झकास सोंग काढलं की सगळे लोळले. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, “एक दिवस गाण्यावर पण लावतील.” झालं. एका राज्यात सुरांवर कर बसतो. सा रे ग म स्वस्त, पंचमापासून, म्हणजे पाचव्या सुरापासून, पुढं महाग. श्रीमंतांच्या घरी तार सप्तकापर्यंत गाणी चालतात, गरिबाला चार सुरांत भागवावं लागतं. एक मेंढपाळ पोरगा चार सुरांचं गाणं गात हिंडतो आणि शेवटी भर दरबारात, कर न भरता, पाचवा सूर लावतो. आठवीतल्या एका मुलीनं त्याचं गाणं लिहून आणलं:

चार सुरांचं माझं गाणं
पाचवा सूर मागू कसा

मी त्यात काना-मात्रेचाही बदल केला नाही. जीएसटी हा शब्द तेवढा काढला. कुणाच्या डोळ्यावर यायला नको.

स्पर्धेसाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र आणावं लागतं हे मला निवृत्त सरांनी फोनवर सांगितलं. मुलांच्या मेंढरांच्या नाटकाला सरकारी प्रमाणपत्र कशाला, असं मला वाटलं, पण नियम म्हणजे नियम. स्वच्छ टाइप केलेल्या प्रती, पानांवर क्रमांक, अर्ज. सरांनी एक गोष्ट बजावली: “एकदा प्रमाणपत्र आलं की शब्दाला हात लावायचा नाही. जे मंजूर झालं तेच रंगमंचावर बोलायचं.” मी हो म्हटलं. त्या वाक्याचा अर्थ मला दिवाळीनंतर कळला.

निवडीला डान्ससाठी वर्गच्या वर्ग उभे राहिले, नाटकाला अकरा जण. त्यात आठ मुली. उंच मुलगे सगळे कबड्डीत, त्यामुळे राजा झाली दहावीतली एक मुलगी. मिशी लावली की ती इतकी तंतोतंत तिच्या ट्रॅक्टरवाल्या काकांसारखी दिसायची की तिची आई तालमीला येऊन तोंडावर पदर धरून हसत बसे. एके काळी मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुष करत, आमच्याकडे पुरुषांचा तुटवडा. चालायचंच.

मेंढपाळ मात्र पहिल्या दिवशीच ठरला. नववीतला पोरगा, अंगानं बारीक, वर्गात मागच्या बाकावर. त्याला मी पाढे म्हणताना ऐकलं होतं, गाताना कधी नाही. पेटीवर काळी चार दाबून म्हटलं, सा लाव. त्यानं लावला, आणि वर्गातला पंखा तेवढा ऐकू येत राहिला. वर जाताना जोर नाही, मान ताणणं नाही, तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, असा अलगद टेकायचा जसं काही तिथं त्याची बसायची जागाच आहे. शेवटच्या गाण्याची चाल मी त्याच्याच गळ्यावर बांधली. चार सुरांत घोटाळत राहायची आणि मग पंचम ओलांडून थेट तार षड्जापर्यंत एका दमात. माझ्या आयुष्यात मी बांधलेली ही पहिली चाल. मला तिचा जरा गर्वच झाला होता, खोटं कशाला सांगू.

तालमी शाळा सुटल्यावर. पावणेसहाची एसटी चुकली की चार पोरं अडकायची, म्हणून सव्वापाचला सगळं बंद. दसरा झाला तसा कारखान्याचा हंगाम तोंडावर आला आणि दिवाळी जवळ येईतो रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि पुढं भोंग्याएवढे स्पीकर. राजाचं स्वगत सुरू झालं की हमखास एक जायचा. पोरं तेवढा वेळ पुतळ्यासारखी थांबायची आणि गाणं लांब गेलं की अर्ध्या वाक्यापासून पुढं चालू. पुढं पुढं मीही वर्गात कुणाला नावानं हाक मारायचं विसरले. “ए प्रधान, वही दाखव.” “राजेसाहेब, खिडकी लावा.” बाकीच्या शिक्षकांना याचा राग यायचा. गणिताच्या सरांनी एकदा सुनावलं, तुमच्या प्रधानाला घटक चाचणीत वीसपैकी चार मिळालेत. बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रधानाला मी आठवडाभर तालमीतून काढून गणिताला बसवलं. त्यानं सात मिळवले आणि परत आला.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा नाटक उभं होतं. एंट्र्या चुकत होत्या, पण उभं होतं. प्रमाणपत्रही हातात आलं.

सुट्टीनंतरची पहिली तालीम. मोबाईलमधला तानपुरा काळी चारला लावला, तबला मिळवला, मेंढपाळ उभा राहिला आणि तोंड उघडलं तर दोन आवाज निघाले. एक खालचा, घोगरा, कुणा दुसऱ्याच माणसाचा. दुसरा वरचा, जुना, पण मधोमध फाटलेला. सगळे खदखदून हसले. तोही हसला. पुन्हा लावला. ‘मागू कसा’वर आवाज असा घसरला, पाय निसरड्यावर जातो तसा. यावेळी तो हसला नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका. आठवीला ध्वनीच्या धड्यात दरवर्षी फळ्यावर स्वरयंत्र काढते. पुरुषांत स्वरतंतूंची लांबी साधारण 20 मिलिमीटर, स्त्रियांत 15, मुलांत त्याहून कमी. तंतू लांब आणि जाड झाले की आवाज खाली येतो. प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारते. पण माझ्या नाटकात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि जून ते डिसेंबर या सात महिन्यांत तो वाढणार आहे, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चाल बांधताना मी त्याच्या त्या दिवशीच्या गळ्यावर बांधली. गॅदरिंगच्या दिवशीचा गळा धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. शाळेत यायचा, हजेरीला नुसता हात वर करायचा, ‘हजर’ म्हणायचं टाळायचा. शेवटी त्याची आई बाजाराच्या दिवशी शाळेत डोकावली. “मॅडम, घरात बोलंनाच झालाय. कुणी काय विचारलं तर मान हलवतोय. औषध काय द्यावं का?” औषध नसतं, मी सांगितलं, वयात आला की सगळ्यांचंच होतं, बसेल हळूहळू. “कवा बसंल?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात तारीख दिलेली नाही.

संध्याकाळी निवृत्त सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरत. मग म्हणाले, “आपण सांगलीची माणसं ना? विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केलं तेव्हा पात्रं कुठं गात होती? सूत्रधार गायचा, पात्रं हातवारे करायची आणि मधे आपल्या मनानं बोलायची. पात्रांनी स्वतः उभं राहून गायचं हे पुढं किर्लोस्करांनी 1880 ला शाकुंतलात ठरवलं. तुम्ही जरा मागं जा.” त्यांचं म्हणणं असं की सूत्रधार झालेल्या मुलीनं विंगेजवळ उभं राहून मेंढपाळाची गाणी म्हणावी, त्यानं अभिनय करावा. शब्द तेच, त्यामुळे प्रमाणपत्राचाही प्रश्न नाही.

मला ते पटलं. इतिहासाचा आधार, वर नियमाची अडचण नाही. मेंढपाळाला निरोप धाडून बोलावलं आणि करून पाहिलं. सूत्रधार गात होती, छानच गात होती. तो मधोमध हात पुढं करून उभा. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि त्यानं हात खाली घेतले. घोगऱ्या आवाजात, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा, सगळ्यांसमोर म्हणाला, “मग मी काय नुसतं तोंड हलवू? डान्सला गेलो असतो की.”

यावर काय बोलणार? मीच जूनपासून पोरांसमोर तोंड हलवण्याची टिंगल करत आले होते.

मग त्याचा आवाज नेमका कुठं आहे हे आधी शोधायचं ठरवलं. बाकीच्यांना सोडून दिलं, फक्त तो, मी आणि तबलजी. तबलजी नववीतलाच, घरी भजनी मंडळ, वडील पखवाज वाजवतात. पेटीवर एकेक सूर खाली उतरत गेलो. पांढरी पाच, फाटतोय. काळी तीन, नाही. पांढरी तीन, जरा बरं. काळी एकला आलो आणि त्यानं सा लावला तो राहिला. थरथर होती, पण जागेवर. तिथून वर रे, ग, म ठीक. पंचम लागायचा, पण कसाबसा, कडेला उभं राहिल्यासारखा. पुढच्या धैवताला गेला की फुटलाच. म्हणजे सगळं मिळून पाच सूर. तीन आठवड्यांपूर्वी दीड सप्तक होतं.

“ठीक आहे, काळी एकला करू,” मी म्हटलं, “तबला त्यावर लाव.” पण काळी एकला केलं तर मुलींचा कोरस कुठं जाणार, हा हिशेब मनात चालू होता. त्यांची गाणी सगळी काळी चारला बसलेली. तबलजीनं हातोडी उचललीच नाही.

“मॅडम, ह्यो काळी एकला चढायचा न्हाई. मोठ्या तोंडाचा हाय. एवढा वर ओढला तर पुडीचं कातडंच फाटंल. त्याला लहान तोंडाचा तबला लागतो.”

“मग आता?”

“मग काय, ऱ्हाऊ दे की हितंच. काळी एकचा पंचम काळी चारच की. आमच्यात दादा गायला बसले की बाबा असंच पंचमात लावत्यात.”

खरं होतं. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार. सा रे ग म प. प्रवेशिका पूर्णला हे तोंडपाठ होतं मला. मान डोलावली, तबल्याचा प्रश्न सुटला म्हणून बरं वाटलं आणि घरी गेले.

रात्री कणीक मळता मळता हात थांबला. त्याचा पंचम म्हणजे काळी चार. मुलींचा षड्ज म्हणजे काळी चार. तोही त्याच जागेवरचा, वरच्या-खालच्या सप्तकाचासुद्धा फरक नाही. मेंढपाळाला शेवटी काय करायचंय? कर न भरता पाचवा सूर लावायचाय. पुढं तार षड्जापर्यंत त्यानं एकट्यानं जायचं हे नाटकात कुठं होतं? ते माझ्या चालीत होतं, माझ्या हौसेपोटी. पिठाच्या हातांनीच संहिता उघडली. मंजूर प्रतीत, शिक्का मारलेल्या पानावर, त्या आठवीतल्या मुलीनं लिहिलेली सूचना होती: ‘मेंढपाळ पाचवा सूर लावतो. गावकरी त्याच्यात मिसळतात.’ एवढंच. त्या पानावर अजून पिठाचा डाग आहे.

दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. तो काळी एकला खालून चढत आला, सा रे ग म, त्याच्या त्या नव्या, जाड, अनोळखी आवाजात. पंचमावर आला आणि थांबला. तो सूर हलत असतानाच मुलींनी तोच षड्ज धरला आणि जुनी चाल, काळी चारची, जशीच्या तशी वर उचलली. त्यांना एक सूरही नवा शिकवावा लागला नाही. तबला होता तिथंच होता. पेटीवर माझी बोटं तेवढी दोनदा चुकली, कारण एका पट्टीतून दुसरीत जाताना मी घाबरत होते. मेंढपाळ पंचमावरून उतरला, मुली वर निघून गेल्या, आणि तो मान वर करून बघत राहिला. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हे असंच ठेव.

सोपं होतं असं मात्र नाही. त्याचा आवाज रोज वेगळा. मंगळवारी पंचम स्वच्छ, बुधवारी उतरलेला, शुक्रवारी मध्यमालाच फाटला. मुलींना मी सांगितलं, त्याचा पंचम कसाही येवो, तुम्ही पेटीकडं कान द्या, त्याला आत घ्या. सूत्रधार झालेली मुलगी कुरकुरली. तिची तीन गाणी परत गेली होती आणि तिचं चुकलं काहीच नव्हतं. तिला मी नांदीत एक कडवं जास्तीचं दिलं, स्पर्धेपुरतं नाही, फक्त गॅदरिंगपुरतं. ती समजूतदार आहे, पण मनातून तिचं गेलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं असं मला अजून वाटतं.

गॅदरिंग डिसेंबरात. डान्स सहा वाजता सुरू झाले आणि वन्स मोअर घेत घेत लांबले. आमचा क्रम शेवटून दुसरा. दहाला स्पीकर बंद, हा नियम पोलीसपाटील दोनदा येऊन सांगून गेले होते. नऊ पंचवीसला, मिशा चिकटवून झालेल्या, ड्रेपरीवाल्यानं आणलेले अंगरखे पिनांनी आवळून झालेले, तेव्हा हेडसर विंगेत आले. “मॅडम, पंधरा मिनिटांत आवरा.” नाटक पस्तीस मिनिटांचं. मी म्हटलं बरं, आणि पोरांना काही सांगितलंच नाही. आता त्यांना सांगितलं तर सगळंच कोसळेल. म्हटलं, सुरू तर करू, बंद करायला आले की बघू.

पण राजानं ऐकलं होतं. दुसऱ्या प्रवेशात प्रधान कराचा अहवाल उलगडून वाचायला लागतो, ती पाच पानं. त्यानं घसा खाकरला आणि राजा सिंहासनावरून उठून म्हणाली, “प्रधानजी, तुमचा अहवाल उद्या. आम्हाला आज त्या मेंढपाळाला बघायचंय. आणा त्याला!” प्रॉम्प्टिंगला बसलेल्या मुलीनं भराभरा पानं उलटली. प्रधान तोंड उघडं ठेवून उभा. त्याची सगळ्यात मोठी जागा गेली होती. मग त्यानं अहवालाची गुंडाळी पोटाच्या उशीत खुपसली आणि म्हणाला, “ठीक आहे महाराज, मी पचवतो.” मैदान हसून हसून वाकलं. हे दोघंही वर्गात तोंड न उघडणारे. मंजूर संहितेत यातलं एक अक्षर नव्हतं, पण गॅदरिंगला कोण बघतंय.

मेंढपाळ आला. साउंडवाल्यानं, चांगलं वाटावं म्हणून, माइकला एको दिला. पहिल्याच ‘चार सुरांचं’ला ते चार सूर सोळा होऊन परत आले. मी पेटी सोडून जाऊ शकत नव्हते. शिपाई मामांकडे बघून हातानं कापायची खूण केली. त्यांना वाटलं गाणंच बंद करायचंय, ते वायरकडं धावले. नशीब, वायर सापडली नाही. तोवर साउंडवाल्याच्या लक्षात आलं आणि एको गेला. कोरडा, एकटा, घोगरा आवाज मैदानावर आला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तो वर चढत गेला आणि पंचम लावला. जरा उतरलेलाच लागला. मुलींनी वाट बघितली, एक मात्रा जास्त, आणि मग पेटीवरून घेऊन त्याच्या अंगावरून अलगद उचलला. तो उतरलेला सूर त्यांच्या सुरात शिरून वर सरकला, हे मला बोटांखाली कळलं. मागचं हसू थांबलं होतं की नाही ते मला आठवत नाही. नऊ अठ्ठावन्नला पडदा पडला. शेवटचा डान्स राहून गेला आणि त्या पोरांच्या पालकांनी पुढं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

स्पर्धा जानेवारीत. सांगलीला, भावे नाट्यमंदिरात. तिथं सगळं शहाण्यासारखं झालं. संहिता जशीच्या तशी, प्रधानाचा अहवाल पाचही पानं, घंटा वेळेवर. पोरांना ग्रीनरूमचे बल्ब लावलेले आरसेच जास्त आवडले. प्रयोग झाला तो बेताचा. नीट होता, पण गॅदरिंगला जे सुटं, खट्याळ काहीतरी आलं होतं ते आलं नाही. मेंढपाळाचा पंचम मात्र त्या दिवशी सरळ लागला, अजिबात न हलता, आणि मला उगाच वाटलं की हललेला जास्त बरा होता. निकालात आमचं नाव नव्हतं. राजाची मिशी पुसता पुसता प्रधान म्हणाला, “मॅडम, पुढच्या वर्षी अहवाल छोटा लिहा.”

परतीला वडापची जीप केली. चौदा पोरं, पेटी, तबला, सिंहासन टपावर. रात्र झालेली, बाहेर ऊसतोडीच्या पालांवर चुली पेटलेल्या. मुलींनी तेच गाणं काढलं, पेटी नाही, तानपुरा नाही. मेंढपाळ खिडकीला डोकं टेकून झोपल्यासारखा पडला होता. त्याची जागा आली तशी डोळे न उघडता त्यानं सूर धरला. मला तो वेगळा वाटला. पिशवीतून मोबाईल काढून तानपुरा काळी एकला लावला. जुळेना. एक बटण खाली गेले, पांढरी एक. अजूनही तो किंचित खालीच होता. मुली पुढच्या ओळीवर अडखळल्या, एकमेकींकडे बघितलं आणि हसत हसत त्याच्यापाशी खाली उतरल्या.